सोबत आलेल्यांनी बाहेर बसावे

प्राचार्यांनी मला कॉलेजच्या समुपदेशन कक्षाची प्रमुख नेमलं, ही बातमी मी संध्याकाळी घरी सांगितली तेव्हा नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मुलं येऊन बोलणार आणि तू ऐकणार?" मी हो म्हटलं. त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मलाच उठून पाणी आणून द्यावं लागलं. त्याचंही बरोबर होतं म्हणा. नागपुरात प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत माझा आवाज ओळखत नाही असं कोणी नाही. भाजीवाला माझ्याशी घासाघीस करत नाही, पहिल्यांदाच शेवटचा भाव सांगून मोकळा होतो. मी भूगोल शिकवते, आणि माझ्या तासाला शेजारच्या वर्गाचाही भूगोल होतो असं सहकारी म्हणतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती ते मी कधी विचारलं नाही.

नेमणुकीमागे माझ्या गुणांचा काही संबंध नव्हता. वरून तपासणी समिती येणार होती, आणि कॉलेजात समुपदेशन कक्ष आहे असं दाखवायचं होतं. ज्या बैठकीत हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं ते ठरलं, त्या दिवशी मी शहराच्या टोकाला बेशाला चुलत भावाच्या वास्तुशांतीला गेले होते. बाकी सगळे हजर होते, त्यामुळे सगळे वाचले.

मग मला प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या इतक्या हळू बोलायच्या की मागच्या रांगेतले आम्ही अर्धा वेळ एकमेकांना काय म्हणाल्या ते विचारत होतो. त्यांनी शिकवलेलं थोडक्यात असं : समोरच्याला सल्ला द्यायचा नाही. त्याचं बोलणं तोडायचं नाही. तो गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. 'तुला काय वाटतं?' असं अधूनमधून विचारायचं. खोलीत एका वेळी एकच विद्यार्थी घ्यायचा, आणि तो जे बोलेल ते चार भिंतींच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्याच्या शिक्षकांकडेसुद्धा चौकशी करायची नाही.

सल्ला द्यायचा नाही हे ऐकून मी हात वर केला होता. बाई, म्हटलं, हे नागपुरात कसं जमायचं? इथे ऑटोवाल्याला बेशाचा रस्ता विचारला तर तो रस्ता सांगतो, तिथे फ्लॅट घ्यावा की नाही तेही सांगतो, आणि कोणत्या मजल्यावर घेऊ नये हे उतरता उतरता सांगतो. दवाखान्यात नंबर लावून बसलो की डॉक्टरकडे पोचेपर्यंत शेजारच्यांनी औषध लिहून दिलेलं असतं. बाई हसल्या आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तिथेच मला या विद्येचा राग आला.

कक्षासाठी मिळाली ती आमच्याच विभागाची नकाशे ठेवायची खोली. नकाशे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले, सह्याद्रीचा प्लास्टरचा उठावदार नमुना मात्र जागचा हलेना म्हणून राहू दिला. टेबल, दोन खुर्च्या, रुमालांचा एक डबा. दाराला पेंटरकडून पाटी करून लावली. आणि मी रोज दुपारी तिथे बसू लागले.

पहिले काही दिवस जे आले ते पालक होते. नागपुरात कौन्सेलिंग म्हणजे प्रवेशाची फेरी, त्यामुळे इंजिनीअरिंगची दुसरी फेरी कधी लागणार हे विचारायला लोक येत. विद्यार्थी मात्र येईनात. त्या खोलीत गेलं की डोक्याचं काहीतरी आहे असा बोभाटा होईल, ही त्यांची भीती. हळूहळू येऊ लागले, पण एकटं कोणीच येईना. आमच्याकडे झेरॉक्स काढायलासुद्धा कोणी एकटं जात नाही, सोबत लागते. सोबतीला काही काम नसतं, नुसतं असायचं असतं. पण त्यामुळे झालं असं की एक मुलगा आला तो चार मित्रांना घेऊन. त्याचा प्रेमभंग झाला होता. मी त्याच्याकडे बघून प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मान डोलवली तोवर चौघांनी त्याला चार सल्ले दिले, पाचवा शिपायाने दारातून दिला, आणि तो मुलगा समाधानाने निघून गेला. जाताना मला थँक्यू म्हणाला.

माझं टाळकं सरकलं. मी दुसऱ्याच दिवशी शिपायाकडून एक बाक बाहेर ठेवून घेतला आणि दारावर कागद लावला, 'सोबत आलेल्यांनी बाहेर बसावे.' खाली माझी सही आणि शिक्का. नियम म्हणजे नियम. माझ्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी चालत आलेली आहे, भोसल्यांच्या वेळेपासून. शिक्का मारला की आमच्या जिवाला बरं वाटतं.

पावसाळ्याचे दिवस होते, नवीन वर्ग नुकते सुरू झाले होते, तेव्हा त्या दोघी आल्या. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या, हॉस्टेलवर एकाच खोलीत राहणाऱ्या. मला मुलांची नावं लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. धंद्याचा परिणाम. एक पारशिवनीकडची होती, एक उमरेडची. पारशिवनीची बोलकी, सरळ खुर्ची ओढून बसणारी. उमरेडची तिच्या मागे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

पारशिवनीचीनेच सांगायला सुरुवात केली. उमरेडचीकडे हात करून म्हणाली, "मॅडम, हिले सायन्स समजूनच नाही राहिलं. बारावीत लई मार्क होते, पण इथं सर काय बोलतेत ते डोक्यावरून चाललं जाते. हिले बी.ए. करायचं हाय. पण हिच्या बाबाले सांगन कोण? त्याईनं तर साऱ्या गावात सांगून ठेवलं, पोरगी सायंटिस्ट होणार म्हणून."

उमरेडची सह्याद्रीकडे बघत होती. मी विचारलं, खरं आहे का गं? तिने मैत्रिणीकडे पाहिलं आणि मान हलवली. शाखा बदलायची मुदत पोळ्याच्या सणाआधी संपणार होती, अर्जावर वडिलांची सही लागत होती, आणि पारशिवनीची पुढे म्हणाली की नाही झालं तर ही बॅग भरून घरी चालली जाईल, मग पुन्हा कॉलेजचं तोंड बघणार नाही. हे सांगताना तिचा आवाज जरा कापला. मला खरोखर काळजी वाटली. अशा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे रेघ येते आणि पुढच्या वर्षी कोणाला आठवतही नाही की त्या होत्या.

मग मला माझा नियम आठवला. मी पारशिवनीचीला म्हटलं, बेटा, आता तू बाहेर बस. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. ती उठली, जाता जाता मैत्रिणीकडे विचित्र नजरेने पाहिलं, आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. उमरेडचीला मी खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

आत आम्ही दोघी. ती गप्प, म्हणून मीही गप्प. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी फक्त भूल दिलेली असताना गप्प राहिले असेन. शेवटी न राहवून विचारलं, झोप लागते का? "हो, चांगली लागते." जेवण जातं? "हो." गणिताची भीती वाटते? "नाही." मी मनात म्हटलं, पोरीने सगळं आत दाबून टाकलंय. तुला काय वाटतं, असंही विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणान तसं, मॅडम."

त्यानंतर त्या दर आठवड्याला येत राहिल्या. पारशिवनीची न सांगताच बाकावर बसायची, उमरेडची आत यायची. आणि आत मी, लपवण्यात काय अर्थ आहे, बोलायची. सल्ला द्यायचा नाही हा नियम मी पहिल्या भेटीत पाळला, दुसऱ्या भेटीत अर्धा पाळला, पुढे सोडून दिला. तिला मी समजावलं की शाखा बदलणं म्हणजे हरणं नव्हे. सांगितलं की शिक्षण तुझं आहे, मिरवणूक घरच्यांची आहे, आणि मिरवणुकीसाठी कोणी आयुष्य घालवू नये. माझ्या एका मावसभावाची गोष्ट सांगितली, तो डॉक्टर व्हायला गेला आणि आता सुखाने फरसाणाचं दुकान चालवतो. उमरेडची सगळं लक्ष देऊन ऐकायची. कधी कधी एखादं वाक्य पुन्हा सांगा म्हणायची. इतकी मन लावून ऐकणारी मुलगी मला भूगोलाच्या वर्गात कधी मिळाली नाही, त्यामुळे मीही खुलत गेले.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. ती बाहेर गेली की मी काचेतून पाहायची. दोघी बाकावर शेजारी बसलेल्या असत. आता उमरेडची बोलायची, बोटांवर मोजत मोजत काही सांगायची, आणि ती बोलकी मुलगी मान खाली घालून ऐकायची. एकदा तिने ओढणीने डोळे पुसलेले मी पाहिले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मैत्रीण असावी तर अशी, दुःख हिचं आणि रडते ती. आणि माझी ती मुलगी तर किती दबलेली आहे, विचारलं की म्हणते सगळं छान आहे. नवरा पेपर वाचत होता. "तिचं खरंच सगळं छान असेल," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं की ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये, हे शास्त्र आहे.

मुदत अगदी तोंडावर आली तरी उमरेडची घरी बोलायचं नाव काढेना. शेवटी मी ठरवलं, आपणच वडिलांना बोलवायचं. तिला तसं सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं. "बाबाले काहून, मॅडम?" चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं की घाबरू नको, मी आहे ना. खरं तर ती माझ्यामुळेच घाबरली होती, पण ते कळायला अजून एक दिवस होता.

वडील दुसऱ्या दिवशी आले. घरात पूर्वी हातमाग होते, आता ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. मुलांना शाळेत सोडून तशीच व्हॅन घेऊन उमरेडहून आले होते, गेटपाशी पिवळी व्हॅन उभी होती. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. खुर्चीच्या टोकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. प्रोफेसर बाईंचा फोन म्हणजे पोरीला काही झालं असंच त्यांना वाटलं होतं, ती धडधाकट समोर उभी बघून त्यांनी सुस्कारा सोडला. पारशिवनीची नियमाप्रमाणे बाहेर होती.

मी तयारी करून आले होते. मुलं म्हणजे आपल्या कपाटातल्या ढाली नव्हेत, इथपासून सुरुवात केली. मुलीच्या मनावर ओझं आहे, ती बोलत नाही याचा अर्थ तिला त्रास नाही असा होत नाही, बापाने आपली हौस बाजूला ठेवायला हवी, असं बरंच काही बोलले. आवाज नेहमीचाच होता. ते ऐकत गेले तसे खुर्चीत लहान होत गेले. शेवटी मी म्हटलं, तुमच्या मुलीला सायन्स नको आहे.

त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं. "तुले सायन्स नको?"

उमरेडचीने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मले तर पाहिजे, बाबा."

मी म्हटलं, घाबरू नको, खरं सांग. वडील गोंधळून गेले. म्हणाले की मॅडम, ही तर घरीपण काही ना काही प्रयोग करूनच राह्यते. एकदा वाफ किती जोर करते ते पाह्यासाठी कुकरची शिट्टी खोलून ठेवली होती, हिच्या आईनं चार दिवस बोलणं टाकलं होतं. मग ते थांबले. हात गुडघ्यांवरून उचलून त्यांनी जोडले, चक्क माझ्यापुढे जोडले, आणि म्हणाले, "पण तुम्ही शिकलेले लोक सांगून राहिले म्हणजे असन. माहंच काही चुकलं असन. मी हिले विचारलंच नाही कधी, काय पाहिजे म्हणून." त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं. माझं समुपदेशन फळाला येत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. पारशिवनीची आत आली, कागदाला न जुमानता, आणि टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, काकाले काही म्हणू नका," ती म्हणाली. "ते मी होय."

मला काही क्षण काहीच कळलं नाही. कळलं तेव्हा आधी राग आला, तो मला सगळ्यात आधीच येतो. सायन्स नको होतं पारशिवनीचीला. गावभर सांगून ठेवलेला बाप तिचा. बॅग भरून ठेवली होती तिने. एकटीनं यायची छाती झाली नाही म्हणून मैत्रिणीला आणलं, आणि ऐन वेळी आपलं म्हणून सांगायची जीभ उचलेना म्हणून मैत्रिणीचं म्हणून सांगितलं. पुढे मोकळं करून सांगू असं तिच्या मनात होतं, तेवढ्यात मी तिला बाहेर काढलं. आणि उमरेडची बिचारी, मॅडमनी बस म्हटलं म्हणून बसली. काहून नाही सांगितलं आधी, मी ओरडले. पारशिवनीची म्हणाली, "तुम्ही लई ओरडता, मॅडम. तुमचा आवाज आमच्या लॅबपर्यंत येते."

"मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होते?"

"माह्याशीच," उमरेडची म्हणाली. "मी हिले बाहेर जाऊन सांगत होती न सारं." मग जरा विचार करून, खोटं बोलायला नको म्हणून, तिने दुरुस्ती केली. "सारं नाही सांगितलं. तुमचं लांब होतं. कामाचं तेवढं सांगितलं."

वडिलांनी जोडलेले हात सोडले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. ते हसायला लागले. एवढं समजावलेलं फुकट गेलं म्हणून मी धुमसत होते, आणि हा माणूस आपली पोरगी ठीक आहे एवढ्याच आनंदात होता. मग त्यांनी पारशिवनीचीला विचारलं, बापाले सांगितलं का? तिने नाही म्हटलं. सांगणार का? आता ती खरोखर गप्प झाली होती, आणि तेव्हा मला दिसलं की हिला किती दिवस झोप नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते मी आजवर पाहिलं नव्हतं, कारण पाहायची होती ती मुलगी मी दाराबाहेर ठेवली होती.

मुदत सोमवारी संपत होती. ठरलं की रविवारी सगळ्यांनी पारशिवनीला जायचं, तिच्या घरी. बोलायचं मी. उमरेडची सोबतीला हवीच होती, आणि तिच्या वडिलांनी रविवारी शाळेला सुट्टी म्हणून व्हॅन काढली. "मी काही बोलणार नाही," ते म्हणाले, "फक्त सोबत येतो." हे सगळं प्रशिक्षणातल्या कोणत्या नियमात बसतं, असं नवऱ्याने विचारलं. मी त्याला डबा भरून ठेवलाय तो गरम करून खा म्हटलं.

लहान मुलांच्या व्हॅनच्या सीटा लहान असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कामठी, कन्हान करत आम्ही गेलो. पारशिवनीची वाटभर खिडकीबाहेर बघत होती. गाव आलं तेव्हा ती म्हणाली, मॅडम, आपण परत जाऊ. मी म्हटलं, बस खाली. मुलांना समजवायच्या वेळी मी फार गोड बोलते अशातला भाग नाही.

तिच्या वडिलांनी आमची वाट बघत अख्खी आळी गोळा केली होती. उंच, भरदार मिशांचा माणूस. पोळा जवळ आला होता म्हणून अंगणात बैलांच्या शिंगांना रंग द्यायचं चाललं होतं, रंगाचा डबा तिथेच ठेवून ते हात पुसत पुढे आले. नागपूरच्या मॅडम स्वतः घरी आल्या म्हणजे पोरीने काहीतरी पराक्रम केला, अशी त्यांची खात्री होती. भिंतीवर बारावीच्या सत्काराचा फोटो होता, त्याला प्लास्टिकची माळ घातली होती. हयात मुलीच्या फोटोला माळ घालू नये, हे मी मोठ्या कष्टाने गिळलं. त्यांनी आलेल्या एकेका माणसाला बोलावून सांगितलं, या मॅडम, माझ्या सायंटिस्टच्या मॅडम. पोरगी आत स्वयंपाकघरात आईपाशी गेली ती बाहेरच येईना. मूगवडे आले, मग चहा आला, मग आणखी मूगवडे आले. हळूहळू आळी पांगली आणि आम्हीच उरलो.

मी घसा खाकरला. वर्गात शंभर मुलांना दमात घेणारी मी, त्या माणसाच्या तोंडावरचा आनंद बघून माझी बोबडी वळली. काय बोलणार होते ते सगळं विसरले, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं : माझ्याकडे एक मुलगी येते, तिला सायन्स नको आहे, आणि बापाला सांगायची तिला भीती वाटते.

"कोणाची पोरगी?" त्यांनी विचारलं.

मी गप्प. पुण्याच्या बाईंना अभिमान वाटावा इतकी गप्प. आणि तेव्हा शेजारी बसलेल्या उमरेडच्या व्हॅनवाल्यांनी, जे काही बोलणार नव्हते, शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "माही," ते म्हणाले. त्यांच्या लेकीने काही न विचारता मान खाली घातली. तिला आता सवय झाली होती.

मग जे ऐकायला मिळालं ते माझ्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा सरस होतं. पारशिवनीचीचे वडील खाटेवर पुढे सरकून बसले आणि व्हॅनवाल्यांना समजावू लागले. "काहून जबरदस्ती करता गा पोरीवर? पोरगी काय बैल हाय, दिसली की जुंपली? तिले बी.ए. करायचं हाय तर करू द्या न. लोक काय, दोन दिवस बोलतीन अन् तिसऱ्या दिवशी आपल्या कामाले लागतीन. तुमच्या डोळ्यापुढं राह्यली पाहिजे पोरगी, हसत राह्यली पाहिजे. बाकी काय लागते बापाले?" व्हॅनवाले कबूल आहे म्हणत मान हलवत होते. एकदा तर त्यांनी कान पकडला.

स्वयंपाकघराच्या दारात पारशिवनीची येऊन उभी होती. किती वेळची उभी होती कोणास ठाऊक. हातात पाण्याचा तांब्या तसाच होता.

"बाबा," ती म्हणाली, "ते मी होय."

त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग व्हॅनवाल्यांकडे, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे पाहत होते.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"ह्या माणसाच्या पोरीचं ऐकलं न आत्ता."

"ते त्याईची होती म्हणून, बाबा."

भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस रागवेल, किंवा रडेल, आणि मी मध्ये पडायला पुढेही झाले होते. त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"हो," ते म्हणाले. "तुहं नसतं ऐकलं."

मग ते खाटेवर थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झाडली. "ये. इथं बस. मी दुसऱ्या कोणाचा बाप हाय असं समज, अन् सांग पहिल्यापासून."

ती येऊन बसली. तांब्या अजून हातातच होता. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा आम्ही तिघं उठलो आणि बाहेर अंगणात बैलांपाशी जाऊन उभे राहिलो.